बाळाच्या वाटीत पाणी किती आणि अन्न किती? सहा महिने ते दोन वर्षांच्या लेकराला भरवायची सगळी पद्धत

आमच्याकडं कुठल्याही गावात जा आणि सहा-सात महिन्यांचं लेकरू कडेवर असलेल्या आईला विचारा, बाई गं, वरचं काय सुरू केलंस? बहुतेक जणी सांगतात, डाळीचं पाणी. कुणी भाताची पेज सांगतं, कुणी चहात बुडवलेलं बिस्किट. आणि सांगताना त्या मनापासून सांगतात, कारण डाळ पौष्टिक हे त्यांना पक्कं माहीत असतं, सासूनं सांगितलेलं असतं, दवाखान्यात ऐकलेलं असतं. फक्त डाळ खाली पातेल्यात राहते आणि वरचं पिवळं पाणी बाळाच्या वाटीत येतं, ही गोष्ट सुटून जाते.

मी मराठवाड्यातली. आई अंगणवाडी सेविका होती, त्यामुळं झोळीचा वजनकाटा, ती वजनाची कार्डं, पोषण आहाराची पाकिटं हे सगळं बघतच मोठी झाले, आणि आता गेली काही वर्षं गावोगाव आयांच्या बैठका घेते. या बैठकांमधून मला एकच गोष्ट ठामपणे कळली की आयांना काय द्यायचं हे बऱ्यापैकी माहीत असतं, अडतं ते किती द्यायचं, किती घट्ट द्यायचं आणि आपण रानात गेल्यावर कोण देणार इथं. म्हणून हा लेख त्याच गोष्टींवर जास्त आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली आणि सहा महिने ते पाच वर्षांतल्या ६८.९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी. ही उंची बरीचशी याच पहिल्या दोन वर्षांत मागं पडते, नंतर शाळेत गेल्यावर कितीही खाऊ घातलं तरी ती सगळी भरून काढणं फार अवघड जातं.

सहा महिन्यांच्या आधी

इथं थोडक्यात सांगते. जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी लावायचं, पहिलं पिवळसर चिकाचं दूध पिळून फेकायचं नाही, बाळाची पहिली लस समजा ती. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध. मध, गूळपाणी, घुटी, ग्राइप वॉटर काही नाही, साधं पाणीसुद्धा नाही, अगदी मे महिन्यातल्या आमच्या बेचाळीस डिग्रीतही नाही, कारण दुधातच पाणी भरपूर असतं, उन्हाळ्यात फक्त जास्त वेळा पाजायचं. मध तर वर्षाचं होईपर्यंत चाटवायचाच नाही, त्यात अशा जंतूंचे बीज असू शकतात जे मोठ्यांना काही करत नाहीत पण तान्ह्या बाळाच्या अंगातली ताकदच काढून घेतात. डॉक्टरनं दिलेले थेंब, औषध मात्र द्यायचं.

"मला दूधच पुरत नाही" हे वाक्य तर प्रत्येक बैठकीत येतं. बाळ दिवस-रात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा लघवी करतंय आणि दर महिन्याला वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. रडणं म्हणजे भूकच असं नसतं. आणि ज्या घरात बाळंतिणीला डाळ बाधते, फळ बाधतं म्हणून नुसत्या भाकरीवर ठेवतात त्या घरातल्या मोठ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, तिला पोटभर जेवू द्या. पाजणाऱ्या बाईला रोजच्यापेक्षा साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे जवळपास एक जेवण जास्तीचं.

आधी वाटी ठरवा

सहा महिने पूर्ण झाले, म्हणजे १८० दिवस, सातवा महिना लागला की वरचं अन्न सुरू. आणि सुरू करायच्या आधी एक काम करायचं, लेकराची वाटी वेगळी काढायची. का सांगते. आपल्याकडं लेकरू आईच्या ताटातले दोन घास खातं, मग आजोबांच्या ताटातला एक, मग मावशीच्या मांडीवर अर्धी चकली, आणि संध्याकाळी सगळे म्हणतात दिवसभर खातंय की हो. पण मोजलं तर दिवसाचं सगळं मिळून अर्धी वाटी भरत नाही. वेगळी वाटी असली की डोळ्यांना दिसतं किती गेलं.

वाटी पाव लिटरची हवी, २५० मिली. मोजायला काही लागत नाही, एक लिटरची पाण्याची भरलेली बाटली घ्या, तिच्यातल्या पाण्यानं वाटी चार वेळा भरली आणि बाटली रिकामी झाली तर वाटी बरोबर. एकदा मोजली की दोन वर्षं तीच वापरायची, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवायचं ही बाळाची वाटी. चमचा लहान, कडा गुळगुळीत असलेला. दूध पाजायची बाटली आणि तिचं ते रबरी बूच नकोच, गावाकडं ते नीट उकळून स्वच्छ ठेवणं रोजच्या रोज होत नाही आणि मग हगवण ठरलेली.

चमचा उलटा करून बघा

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

लेकराचं पोट लहान असतं. एका वेळी मावतं किती, तर वजनाच्या दर किलोमागं ३० मिलीच्या आसपास. म्हणजे आठ किलोच्या लेकराच्या पोटात एका वेळी साधारण आपली ती एक वाटी बसते, त्याच्या वर नाही. आता ती वाटी डाळीच्या पाण्यानं भरली तर पोट टम्म, लेकरू झोपी जातं, आईला वाटतं पोट भरलं, आणि अंगाला काहीच लागत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरून रोज साधारण २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५० च्या आसपास. पाण्यानं हे गणित कधीच जुळत नाही, दहा वाट्या पाजल्या तरी नाही.

मग घट्ट किती? चमच्यात अन्न घ्या आणि चमचा तिरका करा. धार लागून पडलं तर पातळ आहे. चमच्याला धरून राहिलं, हळूच गोळा घसरला तर बरोबर. बैठकीत मी हे करूनच दाखवते, घरून एका डब्यात डाळीचं पाणी आणि एका डब्यात वरणभात कुस्करून नेते आणि आयांच्याच हातात चमचा देते. एका आजीनं दोन्ही चमचे तिरके केले, बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, माझ्या तिन्ही नातवंडांना मी पाणीच पाजलं की गं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण त्या आजींची माया कमी नव्हती, घशात अडकेल या भीतीनं त्या पातळ करत होत्या.

भीती खोटी नाही, पण तिच्यावर उपाय पाणी घालणं हा नाही, बारीक करणं हा आहे. मऊ शिजवा, बोटांनी किंवा वाटीच्या बुडानं कुस्करा, गाळणीच्या मागून दाबून घेतलं तरी चालेल. मिक्सर रोज लावू नका, एकदम गुळगुळीत खाऊन सवय लागली की पुढं कणी लागली तरी लेकरू थुंकतं. सुरुवातीला बाळ जिभेनं अन्न बाहेर ढकलतं, तेही थुंकणं नसतं बरं का, त्याला गिळायला शिकायचं असतं. आवडत नाही म्हणून बंद करू नका, तेच अन्न पुन्हा दोन दिवसांनी, पुन्हा चार दिवसांनी. आठ-दहा वेळा दिल्यावर खायला लागलेली लेकरं मी कितीतरी बघितली आहेत.

आणि वाटीत वरून एक छोटा चमचा तेल किंवा तूप. पाच मिलीच्या त्या चमच्यातच ४० ते ४५ कॅलरी असतात, म्हणजे सात महिन्यांच्या बाळाच्या वरच्या गरजेचा पाचवा हिस्सा एका चमच्यात निघाला. तूप नसेल तर घरातलं शेंगदाण्याचं, करडईचं, सोयाबीनचं कुठलंही चालतं, बाळासाठी मुद्दाम तूप विकत आणायची गरज नाही.

महिन्याप्रमाणं किती

सातव्या महिन्यात सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा. नवीन पदार्थ एका वेळी एकच, दोन-तीन दिवस बघायचं मग दुसरा. आठवा महिना संपेपर्यंत हळूहळू अर्ध्या वाटीवर यायचं, दिवसातून दोन ते तीन वेळा. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी ते पाऊण वाटी, तीन ते चार वेळा, आता कुस्करणं थोडं रवाळ ठेवायचं आणि हातात धरायला काहीतरी द्यायचं, भाकरीचा मऊ तुकडा, उकडलेल्या बटाट्याची फोड, पिकलेल्या केळाचा तुकडा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, तीन-चार वेळा, मध्ये एक-दोन वेळा खाऊ, आणि घरात जे शिजलं तेच, फक्त तिखट घालायच्या आधी त्याचं काढून ठेवायचं. आईचं दूध दोन वर्षं आणि पुढंही, ते बंद करायचं नाही. पण जेवणाच्या आधी पाजू नका, आधी घास मग दूध, नाहीतर लेकरू दुधावरच पोट भरून घेतं.

वर्षाच्या आत मीठ-साखर वेगळी घालायची नाही आणि गाईम्हशीचं दूध प्यायला मुख्य म्हणून द्यायचं नाही, खिरीत थोडं किंवा वाटीभर ताज्या दह्यातलं चार चमचे दही चालतं.

वाटीत काय काय

फक्त भात, फक्त भाकरी दूध असं रोज नको. मी आयांना सोपं करून सांगते, बुडाला धान्य, त्याच्या जोडीला डाळ, कडेला काहीतरी हिरवं नाहीतर पिवळं-लाल, वर तेल, आणि जमेल तेव्हा अंडं किंवा मासळी-मटण. ज्वारीची भाकरी गरम असतानाच वरणात कुस्करून झाकून ठेवली की दहा मिनिटांत लोण्यासारखी मऊ होते, याच्यासारखं बाळाचं जेवण नाही आणि त्याला खर्चही नाही. खिचडी करताना मुगाची डाळ तांदळाच्या निम्मी तरी घाला, नावाला मूठभर नको.

हिरव्यात शेवग्याचा पाला, तांदुळजा, राजगिरा, मेथीची कोवळी पानं, बारीक चिरून डाळीतच शिजवायची. शेवगा तर निम्म्या गावाच्या परसात असतो आणि आपण शेंगा खातो, पाला शेळीला. पिवळ्यात लाल भोपळा, आमच्याकडं काशीफळ म्हणतात, गाजर, पिकलेली पपई, आंबा. वरून दोन थेंब लिंबू पिळलं तर पालेभाजीतलं, डाळीतलं लोह अंगाला जास्त लागतं, आणि जेवणाबरोबर चहा दिला तर लागायचं तेही लागत नाही. लेकराला चहा अजिबात नको, अर्धा घोटसुद्धा.

अंडं सहा महिन्यांनंतर चालतं, पिवळं-पांढरं दोन्ही, फक्त पूर्ण उकडलेलं. उष्ण पडतं, बोलायला उशीर लागतो असं काय काय ऐकायला मिळतं, त्यात काही तथ्य नाही. जी घरं अंडं खात नाहीत त्यांनी डाळ, शेंगदाण्याचा कूट, दही, तीळ यांचं प्रमाण वाढवायचं. कोकणात, पालघरकडं सुकट-जवळा असतो, तो स्वच्छ धुऊन, भाजून, पूड करून चिमूटभर वाटीत. शेंगदाणे, फुटाणे, हरभरे, द्राक्षं अख्खी कधीच नाही, पाच वर्षांचं होईपर्यंत नाही, श्वासनलिकेत अडकतात. कूट करून घाला.

घरचं सत्व

नाचणी ३ वाट्या, मूग १ वाटी, शेंगदाणे अर्धी वाटी. नाचणी निवडून धुऊन रात्रभर भिजवायची, सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात घट्ट बांधून दिवसभर ठेवायची, बारीक पांढरे मोड दिसले की पुरे, लांब मोड नकोत. मुगालाही तसेच मोड आणा. मग स्वच्छ कापडावर कडक वाळवा, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा आणि दळून आणा. शेंगदाणे वेगळे भाजून सालं काढून घरीच कूट करायचा, गिरणीत एकत्र दिले तर पीठ तेलकट होतं आणि गिरणीवालाही घेत नाही. काळपट, सुरकुतलेला, खवट दाणा एकही घालू नका, बुरशी असते त्याला. ज्वारी वापरायची असेल तर तिला मोड आणू नका, नुसती भाजून दळा.

मोड कशासाठी, तर मोड आलेल्या धान्याचं पीठ शिजवताना गोळ्यासारखं घट्ट होत नाही. साध्या पिठाची दोन चमच्यांतच दाटसर लापशी होते म्हणून आपण पाणी वाढवत जातो, मोडाच्या पिठाचे तेवढ्याच पाण्यात जास्त चमचे बसतात आणि तरीही बाळाला गिळता येतं. आपल्या आज्या हे करत होत्या, त्यांना कारण माहीत नसेल पण हात बरोबर चालत होता. पीठ कोरड्या डब्यात, ओला चमचा न घालता, पंधरा-वीस दिवसांत संपेल एवढंच.

अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो, तो नक्की आणा आणि तो लेकराचाच ठेवा. घरात आला की चार जणांत वाटला जातो नाहीतर बाजूला पडतो, हे मी बघते. चव आवडत नसेल तर त्यात गूळ (वर्षाच्या पुढच्याला), केळं, तेल घालून पुन्हा शिजवा.

रानात जाणाऱ्या आईचा दिवस

सल्ले देणारे इथंच थांबतात आणि आयांचं खरं इथंच अडतं. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई सकाळी आठला जाते ती पाच-साडेपाचला परत येते. मग दिवसातून चार वेळा कसं भरवायचं?

पहिलं खाणं जायच्या आधी स्वतःच्या हातानं, कितीही गडबड असली तरी. मग छातीशी लावून पाजायचं. दुपारची दोन खाणी घरी राहणाऱ्याच्या हातात, म्हणजे आजी, आजोबा किंवा मोठी मुलगी. त्यांच्यासाठी सत्वाचं पीठ डब्यात आणि किती चमचे पीठ, किती पाणी हे करून दाखवलेलं हवं. सकाळी शिजवलेलं ओलं अन्न दुपारपर्यंत ठेवू नका, उन्हाळ्यात दोन तासांतच खराब व्हायला लागतं, ताजं शिजवणं जमणार नसेल तर केळं, उकडलेलं अंडं असं सालात बंद असलेलं ठेवा. चौथं खाणं आल्यावर, हातपाय साबणानं धुऊन, आणि हे लेकरू झोपायच्या आधी झालं पाहिजे, स्वयंपाक व्हायची वाट बघत लेकरू उपाशी झोपतं हे फार होतं आपल्याकडं. रात्री जास्त वेळा पाजा. दूध पिळून ठेवायचं असेल तर उकळलेल्या वाटीत, झाकून, गारव्याला, साधारण चार तास चालतं, कडक उन्हाळ्यात त्याहून कमी धरा, आणि द्यायचं वाटी-चमच्यानं.

ऊसतोडीला जाणाऱ्या आयांनी लेकराचं कार्ड सोबत न्यावं आणि जिथं कोपी (तोडकऱ्यांची झोपडी) पडेल तिथल्या अंगणवाडीत जाऊन नाव सांगावं, आपल्या गावचं नाही म्हणून आहार नाकारता येत नाही.

घरातल्यांशी बोलताना सासूबाईंना चूक दाखवू नका, काम द्या. "आत्याबाई, दुपारची वाटी तुमच्याकडं, किती खाल्लं तेवढं संध्याकाळी सांगा." वाटी एकदा त्यांच्या हातात गेली की त्या आपल्यापेक्षा जास्त जपतात. आणि बापांनो, किराणा दुकानातून पाच रुपयाचं पाकीट आणून देणं ही माया आहे मला मान्य आहे, पण त्या खारट-तेलकट पाकिटानं भूक मरते आणि संध्याकाळची वाटी तशीच राहते, त्याच पैशात केळं येतं. मोबाइल लावून भरवलं तर लेकराला पोट भरल्याचं कळतच नाही, समोर बसा, नाव घेऊन बोला, अर्धा तास लागतो तर लागू दे.

वजन, दंड आणि आजारपण

दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा आणि ताईंना सांगा, कार्डावरची रेघ मला दाखवा. आकड्यापेक्षा रेघ बघायची, वर चढतेय तर ठीक, दोन महिने आडवी राहिली तर लेकरू हिरव्या पट्ट्यात असलं तरी विचारा की काय कमी पडतंय. नवव्या महिन्याच्या लसीबरोबर अ जीवनसत्त्वाचा डोस असतो, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. लोहाचं सिरप आशाताईंकडून, सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा १ मिली, शी काळी होते त्याला घाबरू नका. वर्षानंतर जंताचं औषध.

हगवण लागली की खाणं बंद करायचं नाही, हे फार जुनं आणि फार घातक आहे. अंगावर पाजणं वाढवा, ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, चोवीस तासांत संपवायची, आणि झिंकच्या गोळ्या पूर्ण चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक वाटी जास्तीची, तेव्हाच गेलेलं वजन परत येतं.

दंडाची पट्टी सेविकेकडं असते, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा दंड मोजतात. १२.५ सेंटीमीटरच्या वर हिरवा, ११.५ ते १२.५ पिवळा, ११.५ च्या खाली लाल. लाल आला, किंवा दोन्ही पायांच्या पंजांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबल्यावर खळगा तसाच राहिला, तर घरी सत्व देऊन बघू असं करू नका. लेकरू नीट खात असेल तर गावात ग्राम बाल विकास केंद्रात उपचाराचा आहार देता येतो, पण खाणंच सोडलं असेल, सुस्त असेल, सूज असेल, ताप किंवा धाप असेल तर सरळ पोषण पुनर्वसन केंद्र, तिथं आईला सोबत राहता येतं. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. निघताना कार्ड घ्या, चालू औषधं घ्या, आणि बाळाची ती वाटी पण पिशवीत टाका, कारण तिथं पहिल्यांदा हेच विचारतात की दिवसात किती खातंय, आणि वाटी दाखवून सांगितलं की नर्सताईंना लगेच कळतं.